२७ विजय, ३ पराभव आणि कुलूप

१८-१०. २७-३. २६-६. २७-५.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन कॉमेट्स या महिला बास्केटबॉल संघाचे हे पहिले चार हंगाम. आधी जिंकलेले सामने, मग हरलेले. १९९७ ते २००० ही चार वर्षं, आणि चारही वर्षी विजेतेपद. आता याच तक्त्याच्या तळाशी या. २००८: १७-१७. त्याखाली ओळच नाही. २००८च्या डिसेंबरमध्ये हा संघ बंद करण्यात आला.

हंगामवार आकडेवारीचे तक्ते मी आवडीनं वाचतो. एका ओळीत एक वर्ष मावतं आणि बारा-पंधरा ओळींत एका संघाचं अख्खं आयुष्य समोर येतं. पण हा तक्ता वाचताना मी दर वेळी शेवटच्या ओळीपाशी थांबतो आणि मला राग येतो. १७ सामने जिंकणारा, १७ हरणारा संघ हा मिटवून टाकण्याजोगा संघ नसतो. मग तो मिटला कशानं? जिंकले, हरले, टक्केवारी, प्लेऑफ या चार रकान्यांत त्याचं उत्तर सापडत नाही. उत्तर ज्या रकान्यात आहे, तो रकाना छापलाच जात नाही. संघ कोणाच्या मालकीचा होता, हा तो रकाना.

आधी २७-३ या ओळीला तिचा मान देऊ. १९९८ साली ३० सामन्यांपैकी २७ जिंकले, म्हणजे बरोबर ९० टक्के. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या इतिहासात एका हंगामातली याहून वरची टक्केवारी आजवर कोणाला साधलेली नाही. फिनिक्सनं २०१४ साली २९-५ केले, लास व्हेगासनं २०२३ साली ३४-६ केले. दोघेही ८५ टक्क्यांच्या आसपास राहिले. विजयांचा नुसता आकडा पाहणाऱ्यांनी इथे सांभाळावं. लास व्हेगासनं २०२४ सालीही २७ सामने जिंकले, पण तेव्हा हंगाम ४० सामन्यांचा होता आणि १३ वेळा हार पत्करावी लागली होती. सुरुवातीला २८ सामन्यांचा असलेला हंगाम ३०, ३२, ३४ असा वाढत २०२५ साली ४४ सामन्यांवर पोचला. मध्ये २०२० साली साथीमुळे फ्लोरिडातल्या एकाच संकुलात फक्त २२ सामने झाले. किती पैकी, हे विचारल्याशिवाय या तक्त्यातला कोणताही आकडा उचलू नये.

२७-३ कोणी घडवलं? सिंथिया कूपर हे पहिलं नाव. लीग सुरू झाली तेव्हा ती ३४ वर्षांची होती. १९८८च्या ऑलिम्पिकचं सुवर्णपदक तिच्याकडे होतं, पण स्वतःच्या देशात टिकाऊ व्यावसायिक लीग नसल्यानं तिची उमेदीची वर्षं स्पेन आणि इटलीत गेली होती. खेळाडू ज्या वयात बूट खुंटीला टांगतात, त्या वयात ती ह्यूस्टनला आली आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे २२.२ गुण करून लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. दुसऱ्या हंगामातही तीच. चारही वर्षी अंतिम लढतीची सर्वोत्कृष्ट खेळाडूही तीच. तिच्या नावासमोर १९९७ पासूनचे आकडे आहेत. त्याआधीची तिची दहा वर्षं अमेरिकेच्या कोणत्याच तक्त्यात नाहीत, आणि ती नाहीत याचा दोष तिच्याकडे जात नाही.

शेरिल स्वूप्सनं १९९७च्या जूनमध्ये मुलाला जन्म दिला आणि सहा आठवड्यांनी ती मैदानावर होती. त्या वर्षी तिच्या नावावर अवघे ९ सामने आहेत. आकडेवारीत हा हंगाम अपुरा दिसतो. माझ्या लेखी तो त्या तक्त्यातला सर्वांत धाडसी हंगाम आहे. पुढे २०००, २००२ आणि २००५ अशी तीन वर्षं ती सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. टीना थॉम्पसन ही महाविद्यालयीन खेळाडूंच्या पहिल्यावहिल्या निवडीतली पहिली निवड. ह्यूस्टनच्या बाराही ओळींत ती आहे, पहिल्या दिवसापासून कुलूप लागेपर्यंत. आणि संघाचा खेळ मांडणारी किम पेरो, पाच फूट पाच इंच उंचीची. महाविद्यालयीन निवडीत तिला कोणी घेतलं नव्हतं. चाचणी देऊन तिनं संघात जागा मिळवली होती. १९९९च्या फेब्रुवारीत तिला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं कळलं. १९ ऑगस्टला ती गेली. वय ३२. पंधरवड्यानंतर संघ न्यूयॉर्कविरुद्ध अंतिम लढत खेळत होता. दुसऱ्या सामन्यात न्यूयॉर्कच्या टेरेसा वेदरस्पूननं मैदानाच्या मध्याच्याही मागून, शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू जाळीत गेला आणि जिंकत आलेला सामना ह्यूस्टननं ६८-६७ असा गमावला. दुसऱ्या दिवशी तिसरा सामना होता. तो त्यांनी ५९-४७ असा जिंकला. पेरोच्या नावानं लीग आजही खिलाडूवृत्तीचा पुरस्कार देते.

तक्त्यात या सगळ्याची नोंद इतकीच: १९९९, २६-६, विजेते.

यात तक्त्याचा दोष मी मानत नाही. तक्ता खोटं बोलत नाही. तो वाचून निकाल देणारे मात्र चुकतात. महिलांचे संघ का बंद पडतात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: चांगले खेळले असते तर टिकले असते. ह्यूस्टन चांगलं खेळलं होतं. बारा हंगामांत २४१ विजय, १४९ पराभव. नऊ वेळा प्लेऑफ. हरण्याचं पारडं जड राहिलं अशी वर्षं दोनच, २००४ आणि २००७, दोन्ही १३-२१. जगातल्या कोणत्याही खेळातला कोणताही संघ एवढ्या चढउताराची तयारी ठेवूनच उभा राहतो. जो संघ बारा वर्षांत दोनदाच तोट्यात गेला, त्याला ‘चांगलं खेळायला हवं होतं’ असं सांगणं हा उद्दामपणा आहे.

दुसरं ठरलेलं उत्तर: प्रेक्षक नव्हते. हे अर्धं खरं आहे, म्हणून त्याकडे नीट पाहावं लागतं. ३० ऑगस्ट १९९७ रोजी ह्यूस्टननं न्यूयॉर्कला ६५-५१ असं हरवून पहिलं विजेतेपद जिंकलं, तेव्हा त्यांचं घरचं सभागृह १६ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरलेलं होतं. पुढे गर्दी ओसरली, हे कबूल. पण त्याच काळात काय घडलं तेही वाचा. २००० नंतर कूपर निवृत्त झाली. २००१चा पूर्ण हंगाम स्वूप्स गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होती. तरी संघ १९-१३ करून प्लेऑफला गेला, कारण ब्राझीलची जानेथ आर्काइन एकाएकी सामन्यामागे १८ गुणांवर खेळू लागली. २००२ साली स्वूप्स परतली आणि ओळ झाली २४-८. उत्तम वर्ष. तक्ता वाचणारा इथे समाधानानं पुढे सरकतो.

त्याच २००२च्या ऑक्टोबरमध्ये संघाच्या नशिबाची दिशा बदलली. तोवर महिलांच्या लीगमधले सगळे संघ पुरुषांच्या एनबीएच्या सामूहिक मालकीचे होते. पुरुष संघांचे मालक आपापल्या शहरातला महिला संघ चालवत आणि खर्चाचा भार सगळ्यांत वाटला जाई. ऑक्टोबर २००२ मध्ये ही व्यवस्था मोडली. आता प्रत्येक महिला संघाला स्वतःचा मालक हवा होता: शहरातल्या पुरुष संघाच्या मालकानं तो घ्यावा, किंवा बाहेरच्या कोणी विकत घ्यावा, किंवा तो जावा.

लगेच पानगळ सुरू झाली. मायामी गेलं. पोर्टलंड गेलं. पोर्टलंडच्या तीन ओळी पाहा: १०-२२, ११-२१, १६-१६. दर वर्षी वर चढणारा संघ, बरोबरीवर पोचला त्या वर्षी बंद. पुढच्या वर्षी क्लीव्हलंड. पहिल्या आठ संघांपैकी एक, २००१ साली २२-१० करून पूर्व विभागात पहिला आलेला. त्याची शेवटची ओळ २००३: १७-१७. प्लेऑफही खेळला होता. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या पुरुष संघात लेब्रॉन जेम्स आला आणि दोन्ही संघांच्या मालकानं महिला संघ पुढे चालवायला नकार दिला.

पोर्टलंड १६-१६. क्लीव्हलंड १७-१७. ह्यूस्टन १७-१७. तीन बंद संघ, तिघांच्याही शेवटच्या ओळीत जय-पराजय समसमान. मैदानावर हे तिघेही हरलेले नव्हते. निकाल मैदानाबाहेरच्या टेबलावर लागला, आणि त्या टेबलाशी खेळाडू नव्हत्या.

विजेतेपदानंही कोणाला संरक्षण दिलं नाही. सॅक्रामेंटो २००५चं विजेतं. २००९च्या नोव्हेंबरमध्ये बंद. डेट्रॉइट २००३, २००६ आणि २००८चं विजेतं. २००९चा हंगाम संपताच संघ उचलून टल्सा शहरात नेला. तिथे त्याच्या पुढच्या दोन ओळी ६-२८ आणि ३-३१ अशा आहेत. तक्त्यात हे सलग दिसतं, जणू विजेते अचानक खेळ विसरले. संघाचं नाव पुढे गेलं होतं. ज्यांच्यामुळे तो संघ होता, त्यातल्या बहुतेक जणी नव्हत्या आणि शहरही ते नव्हतं.

१९९७च्या पहिल्या आठ शहरांचा हिशेब करा. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि फिनिक्स हे तीनच संघ आपापल्या गावी टिकले. ह्यूस्टन, क्लीव्हलंड, शार्लट आणि सॅक्रामेंटो बंद. उरला आठवा, युटा. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय ह्यूस्टनवरचा अन्याय पुरता कळत नाही.

युटाची पहिली ओळ ७-२१. १९९७ साली लीगमध्ये सर्वांत तळाला. म्हणजे पहिल्या हंगामाच्या तक्त्यात एका टोकाला ह्यूस्टन, दुसऱ्या टोकाला युटा. युटाचा संघ २००३ साली सॅन अँटोनियोला गेला, कारण तिथल्या पुरुष संघाचा मालक त्याला घ्यायला तयार होता. तिथे २०१५, २०१६, २०१७ अशा ओळी आहेत: ८-२६, ७-२७, ८-२६. एवढी वाईट तीन वर्षं लागोपाठ ह्यूस्टननं कधी पाहिली नव्हती. पण हा संघ बंद झाला नाही. एका मोठ्या हॉटेल आणि कॅसिनो कंपनीनं तो घेतला आणि २०१८ साली लास व्हेगासला नेला. २०२१ साली तो अमेरिकन फुटबॉलमधल्या एका संघमालकानं, मार्क डेव्हिसनं, विकत घेतला आणि संघासाठी हेंडरसन इथे स्वतंत्र सराव संकुल बांधलं. अजा विल्सन २०१८ साली निवडीत पहिली आली होती. तेव्हापासूनच्या ओळी: १४-२०, २१-१३, १८-४, २४-८, २६-१०, ३४-६, २७-१३, ३०-१४. विजेतेपदं तीन: २०२२, २०२३, २०२५. विल्सन चार वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडू.

विल्सनच्या खेळाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ती याच काय, कोणत्याही काळात महान ठरली असती. पण तळाच्या संघाला एकवीस वर्षं वाट पाहू देणारे मालक मिळाले, म्हणून तिला खेळायला संघ शिल्लक होता. शिखरावरच्या ह्यूस्टनला बारा वर्षांनंतर एक वर्षही आणखी मिळालं नाही.

ह्यूस्टनचा शेवट कसा झाला ते सांगतो. संघ पुरुषांच्या रॉकेट्स संघाच्या मालकाकडे होता. २००७च्या सुरुवातीला त्यानं तो ह्यूस्टनमधल्या एका फर्निचर व्यावसायिकाला विकला. दहा वर्षं संघाला घडवणारे प्रशिक्षक व्हॅन चॅन्सलर त्याच सुमारास गेले. २००८च्या हंगामाआधी स्वूप्स सिॲटलला गेली. संघाचे घरचे सामने शहरातल्या मोठ्या सभागृहातून लहान सभागृहात हलवले. नवा मालकही टिकला नाही. लीगनं संघ ताब्यात घेतला, गिऱ्हाईक शोधलं, मिळालं नाही. सप्टेंबरमध्ये आइक चक्रीवादळ ह्यूस्टनवर आदळलं, म्हणून शेवटचा घरचा सामना घरी झालाच नाही. सॅन मार्कोस या गावातल्या विद्यापीठाच्या सभागृहात झाला. १५ सप्टेंबर, समोर सॅक्रामेंटो. ह्यूस्टननं तो ९०-८१ असा जिंकला. १७-१७ मधला तो सतरावा विजय.

ज्या संघाला आपण बंद होणार आहोत की नाही हेच माहीत नव्हतं, जो वादळामुळे घराबाहेर खेळत होता, जो प्लेऑफच्या बाहेर होता, तो संघ शेवटचा सामना जिंकून गेला. ज्यांना या खेळाडूंच्या जिद्दीबद्दल पुरावा हवा आहे, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. (ज्या सभागृहात चार विजेतेपदांचा काळ गेला, ते आता सभागृह नाही. २००५ पासून तिथे एक प्रचंड चर्च भरतं.)

आता इंडियाना. २०१७ ते २०२३ या सात वर्षांच्या ओळी सलग वाचा: ९-२५, ६-२८, १३-२१, ६-१६, ६-२६, ५-३१, १३-२७. बेरीज ५८ विजय आणि १७४ पराभव. चारातला एक सामना जिंकला, तीन हरले. २०२२चा हंगाम तर सलग १८ पराभवांनी संपला. याच संघानं त्याआधी, टमिका कॅचिंग्सच्या काळात, सलग बारा वर्षं प्लेऑफ गाठलं होतं आणि २०१२ साली विजेतेपद जिंकलं होतं. मग सात वर्षांचा हा खड्डा. तरी संघ बंद पडला नाही. शहरातला पुरुष संघ आणि महिला संघ एकाच घराण्याकडे, सायमन यांच्याकडे होते आणि त्यांनी महिला संघाचा खर्च चालू ठेवला. २०२३ साली निवडीत पहिला क्रमांक मिळाला, अलिया बॉस्टन आली. २०२४ साली पुन्हा पहिला क्रमांक, केटलिन क्लार्क आली. ओळ झाली २०-२०. घरच्या सामन्यांची सरासरी प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षी चार हजारांच्या आसपास होती, ती १७ हजारांवर गेली.

क्लार्कचं कौतुक करणारे इथून सुरुवात करतात. मी त्यांना केल्सी मिचेलचं नाव वाचायला सांगेन. ती २०१८ साली आली. म्हणजे ६-२८ तिनं भोगलं, ६-१६ भोगलं, ५-३१ भोगलं, आणि ती तिथेच राहिली. २०२५ साली क्लार्क दुखापतीमुळे फक्त १३ सामने खेळू शकली, एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेल्या, तेव्हा मिचेल सगळे ४४ सामने खेळली, सामन्यामागे २० गुणांनी. ओळ २४-२०. संघ उपांत्य फेरीत पोचला आणि तिथे लास व्हेगासला पाचव्या सामन्यापर्यंत झुंजवलं. त्या पाचव्या सामन्यात मिचेलच्या शरीरानं साथ सोडली आणि तिला मैदानाबाहेर न्यावं लागलं. इंडियानाच्या तक्त्यात कोणाचं नाव ठळक करायचं असेल, तर माझं मत तिला.

२०२४ची गर्दी कोणाला दिसली? ज्यांचा संघ २०२४ पर्यंत जिवंत होता त्यांना. पोर्टलंडला तिसऱ्या हंगामानंतर थांबवलं गेलं, त्याला पंचविसावा हंगाम पाहायलाच मिळाला नाही. प्रेक्षक नव्हते म्हणून संघ बंद झाले, हे उत्तर म्हणून अर्धं आहे. प्रेक्षक जमायला एका पिढीचा वेळ लागतो आणि तो वेळ काहींना दिला गेला, काहींना नाही, हा उरलेला अर्धा भाग.

आता वळू पैशाकडे. सिॲटलच्या तीन ओळी: २०१८, २६-८, विजेते. २०१९, १८-१६. २०२०, १८-४, विजेते. मधलं वर्ष कसं घसरलं? एप्रिल २०१९ मध्ये ब्रिआना स्टुअर्टच्या टाचेची शीर तुटली. कुठे? हंगेरीत, रशियन क्लबकडून युरोपातली अंतिम लढत खेळताना. अमेरिकेच्या लीगची आदल्या वर्षीची सर्वोत्कृष्ट खेळाडू हिवाळ्यात रशियन क्लबकडून का खेळत होती? कारण तिथे पगार जास्त होता. २०१९चा पूर्ण हंगाम तिच्या नावावर कोरा आहे. (गंमत बघा, १८ विजय २०१९ सालीही आणि २०२० सालीही. एकदा ३४ पैकी, एकदा २२ पैकी.)

फिनिक्सचं याहून बोलकं. २०१४, २९-५, विजेते. २०१५, २०-१४. त्या वर्षी डायना टौरासी खेळलीच नाही. दुखापत नव्हती. रशियातल्या तिच्या क्लबनं तिला उन्हाळ्यात विश्रांती घेण्याचे पैसे दिले आणि ते पैसे फिनिक्सच्या पगाराहून जास्त होते. फिनिक्सकडून तिला वर्षाला लाखभर डॉलर मिळत. रशियात त्याच्या कित्येक पट. तिला दोष देणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं की वर्षाचे बारा महिने दोन खंडांत खेळून त्यांचे गुडघे किती वर्षं टिकले असते. २०२० साली खेळाडूंच्या संघटनेनं नवा करार करून घेतला तेव्हा लीगमधला कमाल पगार कुठे दोन लाख डॉलरच्या वर गेला. खासगी विमानानं सगळ्या संघांचा प्रवास सुरू व्हायला २०२४ उजाडलं. तोवर सहा फुटांहून उंच बाया सामान्य विमानांच्या आसनांत गुडघे दुमडून शहराशहरांत जात होत्या आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरत होत्या. कोणत्या तक्त्यात हे आहे?

आणि आता लीगनं काय केलं ते पाहा. जून २०२५ मध्ये तीन नव्या संघांची घोषणा झाली: क्लीव्हलंड २०२८ साली, डेट्रॉइट २०२९, फिलाडेल्फिया २०३०. प्रत्येकी सुमारे २५ कोटी डॉलर प्रवेशशुल्क. क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट! ज्या शहरांतून संघ काढून घेतला, तीच शहरं. पोर्टलंडला तर जुन्याच नावानं संघ परत मिळाला आहे. वीस वर्षांपूर्वी ज्याला ओझं म्हणून टाकलं, तेच घेण्यासाठी आज रांग लागते. खेळ तोच आहे, मैदान तेवढंच आहे. संघ बंद करणाऱ्यांचा निर्णय घाईचा होता, हे सिद्ध व्हायला याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

हे सगळं मराठी वाचकाला कशासाठी सांगायचं? कारण आपल्याकडे क्रिकेटमध्ये असा एक तक्ता नुकता सुरू झाला आहे. महिलांची प्रीमियर लीग २०२३च्या मार्चमध्ये ब्रेबर्न आणि डी. वाय. पाटील या दोन मैदानांवर सुरू झाली, म्हणजे सगळा पहिला हंगाम मुंबई आणि नवी मुंबईत झाला. मुंबईनं तो जिंकला. पहिल्या तीन हंगामांत दोन विजेतेपदं मुंबईची. २०२३च्या जानेवारीत पाच संघ सुमारे ४,६७० कोटींना विकले गेले. त्यातले तीन, मुंबई, दिल्ली आणि बंगळूर, पुरुषांच्या संघमालकांनीच घेतले. ह्यूस्टनमध्ये होती तीच रचना. सध्या ती लाभाची आहे, कारण पैसा आहे. पण एखाद्या मालकाला उद्या पुरुष संघापुरतंच लक्ष द्यायचं आहे असं वाटलं तर काय, हा प्रश्न गर्दी असतानाच विचारायचा असतो. गर्दी ओसरल्यावर तो विचारायला कोणी शिल्लक राहत नाही, हे क्लीव्हलंडनं दाखवलं आहे.

बास्केटबॉलमध्ये तर आपण तक्ता सुरूही केलेला नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार होते आणि तिच्या देशात महिलांची वर्षानुवर्षं टिकलेली व्यावसायिक बास्केटबॉल लीग नसते. कूपरची परदेशात गेलेली दहा वर्षं अमेरिकेनं गमावली. आपण आपल्या खेळाडूंची अशी वर्षं मोजतही नाही, आणि हे मला सहन होत नाही.

क्रीडापानांच्या संपादकांना माझी विनंती आहे. महिलांच्या कोणत्याही संघाचा हंगामवार तक्ता छापाल तेव्हा जिंकले आणि हरले यांच्या शेजारी आणखी तीन रकाने छापा: संघाचा मालक कोण, खेळाडूचा किमान पगार किती, आणि घरच्या सामन्याला सरासरी किती माणसं आली. आणि वाचकांनो, संघ हरत असेल त्या वर्षी तिकीट काढा. जिंकत्या वर्षी कोणीही काढतं.